विजयमालाची भरती

न्हाई न्हाई, उठू नका लालासाहेब, बसा की! पोहं झाल्यात, वास येतोय न्हवं? मंग? पोरगी बी हाय, घरातच हाय, जानार कुठं. आतल्या खोलीत ट्रंकेवर बसलीया. आता ट्रंकेवर का, तर... बसलीया. खुर्च्या दोनच, एक तुमच्याखाली, एक माज्याखाली, तिनं बसायचं कुठं? अगं ए, पावन्यास्नी पानी दे की आदी! — आमची मंडळी जरा बावचळलीया. तुमी कडेगावास्नं एवढ्या उन्हाचं आला, सुपारी फोडायची म्हनून आला, आनि नवरी मुलगी तुमच्याम्होरं येईना, म्हंजी कुनाचं बी टकुरं फिरनारच. पन काळजी करू नका. हवालदार हंबीरराव हाय मी. अठरा वरसं पलटनीत काढली, एकाहत्तरची लढाई उरकून पेन्शनीत आलो, माजा सबूद म्हंजी सबूद. तुमच्या कृष्णातला माजी विजू दिली म्हंजी दिली. आज शनवार — आज सुपारी, उद्या हळद, परवा सोमवारी अक्षता. घाई? घाई कसली त्यात! फकस्त सोमवारी सकाळी धाच्या आत उरकायचं, एवढंच. धाच्याच आत का म्हंजी... कारन हाय. सांगतो. लपवायचं काय त्यात.

तर मिरजंस्नं पत्र आलंय. थितं एका दवाखान्यानं शाळा काढलीया, डाक्टरच्या हाताखाली काम करायचं शिकवत्यात, दोन वरसं. नर्स न्हवं, नर्स येगळी. कंपौंडर बी न्हवं. ह्ये म्हंजी कसं — डाक्टर एका गावात आनि रोगी धा गावात, तवा मदलं मानूस. ताप कसला हाय ते वळखायचं, जखम धुवायची, शिवायची, आनि आपल्याच्यानं हुईना म्हनलं की डाक्टरकडं धाडायचं. पलटनीत सायबाच्या हाताखाली हवालदार असतो का न्हाई? तसा डाक्टरचा हवालदार. जागा किती? वीस. अर्ज किती? दोनशे सोळा! आनि त्यात आमची विजू कितवी आली? तिसरी! दोनशे सोळात तिसरी, लालासाहेब, हसन्यावारी न्हाई. तुमच्या घरात काय ऐरीगैरी सून येत न्हाई, एवढ्यासाठी सांगतोय. तर सोमवारी सकाळी धाच्या आत थितं हजर व्हायचंय, आनि नियम असा हाय की पोरगी बिनलग्नाची पायजे, दोन वरसं लगीन करायचं न्हाई. म्हंजी धाच्या आत अक्षता पडल्या की इषयच मिटला. हाय का न्हाई सोपं?

आता म्हनाल, पोरीला ह्ये खूळ आलं कुठनं. गेल्या साली मॅट्रिक पास झाली, घरात बसली. एक दिस पेपरातली जाहिरात घेऊन आली, 'आबा, ह्यो अर्ज भरू का?' मी चष्मा लावला. पयलंच वाक्य काय? 'उमेदवार शारीरिकदृष्ट्या सक्षम असावा.' झालं! म्होरलं वाचलंच न्हाई मी. म्हनलं, ही तर भरती! आनि भरती म्हनल्यावर ह्या कुंडलात मला सोडून दुसऱ्या कुनाला काय कळतंय? गावची एकोनतीस पोरं म्या भरतीला उभी केल्यात, त्यातली बावीस लागली. दोन म्हैनं आदीपासनं पहाटंचं वढ्यापातुर पळवायचं, छाती फुगवून फितीनं मोजायची, आनि वजन कमी भरत आसंल तर काट्यावर चढायच्या अर्धा तास आदी केळी चारायची. डझन, दीड डझन. वरनं दोन तांबे पानी. दोन किलो वाढतंयच. उंचीला अर्धा इंच कमी पडतोय? मंग टाळूवर पाटीचा दनका, बेतानं, टेंगूळ येईल असा. आमचा अर्जुना तसाच लागला की! नायक झालाय आता, टोपी आजून तिरकी बसती त्येची.

तर विजूला बी तशीच घेतली. पोरगी म्हनून सवलत न्हाई. पहाटं उठायचं, पदर खोचायचा, खांद्यावर ज्वारीची पिशवी, वढ्यापातुर पळत जायाचं आनि पळत यायचं. गाव हसलं — हसू दे. शेजारची रंगुबाई रोज दारात उभी ऱ्हाऊन इचारायची, 'भावजी, पोरगी कुनाच्या मागं पळतीया?' मी म्हनायचो, मिरजंच्या मागं! परत आली की सावधान, विश्राम, डावीकडं वळ. नाव-गाव सांगायचं ते मान ताठ ठेवून, आवाज बेंबीपासनं. आमची मंडळी, राही, म्हनायची, 'आवं, पेपरात ह्ये कुठं लिवलंय?' म्हनलं, तुला भरतीतलं काय कळतंय? छाती मोजायला फीत काढली तवा मातुर राहीनं लाटनं काढलं, मंग ते कलम सोडलं. ऱ्हायली उंची, चार फूट अकरा. मी पाटी घेऊन गेलो, तर पोरगी पुस्तकातनं डोकं वर न काढता म्हनाली, 'आबा, ह्या शाळंत उंची मोजत न्हाईत.' एवढंच बोलली. पाटी ठेवली मी. पन उलट कवा बोलली न्हाई, पळायची बी थांबली न्हाई, आनि चुलीम्होरं बसून आपलं आरोग्याचं पुस्तक वाचायची. आता वाटतंय, ते पळनं तिनं माज्यासाठी केलं. बापाला कायतरी काम मिळालंय, त्यात त्यो खूश हाय, म्हनून पळाली. मला तवा कळलं न्हाई. जाऊ द्या. पोहं घ्या आनखी, लिंबू पिळा.

मुलाखतीच्या दिशी किर्लोस्करवाडीस्नं सकाळची गाडी धरली, मिरजंला उतरलो. टेसनाभायेर केळीवाला गाठला. म्हनलं, खा. ही म्हनती, 'आबा, भूक न्हाई.' म्हनलं, ही भूक न्हवं, ही तयारी हाय, खा! अकरा केळी खाल्ली पोरीनं, लालासाहेब. अकरा! बाराव्याला डोळ्यात पानी आलं, मला वाटलं जिद्दीचं हाय. दोन तांबे पानी पाजलं वरनं. दवाखान्यात जाऊन बघतोय तर काटा न्हाई, फीत न्हाई, मैदान न्हाई. वऱ्हांड्यात बाकं, आनि बाकांवर इस्त्रीची पातळं नेसून पोरी बसल्याल्या, हातात फायली. शिपायाला इचारलं, वजन कुठं करत्यात? त्यो म्हनला, 'कशाचं वजन? आजोबा, मुलाखत हाय ही.' आजोबा! पन्नाशी गाठली न्हाई मी आजून! — आनि विजू? विजू भिंतीला टेकून उभी, पोटावर हात धरून. बसायचं म्हनलं तर बसता येईना तिला.

नाव पुकारलं. ती आत गेली, मी खिडकीखाली गेलो. आता पोरीला एकटी कशी सोडायची? थितं एक बादली पालथी पडल्याली, तिच्यावर चढलो. आत तिघंजन — पांडऱ्या केसाच्या मोठ्या डाक्टरीन बाई, एक टकला डाक्टर, एक लिवनारा. आनि आमची विजू आत शिरली आनि टाच आपटली, अशी आपटली की टेबलावरचा पान्याचा गिलास हालला! 'विजयमाला हंबीरराव! मुक्काम कुंडल! हजर!' टकल्या डाक्टरच्या हातातला पेन पडला. काय वाटलं म्हनून सांगू मला! बाई म्हनल्या, 'बस बाळ.' ही म्हनाली, 'बसत नाही, बाई.' त्यास्नी वाटलं, लय शिस्तीची पोरगी हाय. आवं, बसली असती तर केळी भायेर आली असती! मंग बाईंनी इचारलं, 'तुला हे शिक्षण कशासाठी घ्यायचंय?' ह्येचं उत्तर म्या पाठ करून घेतल्यालं — देशसेवेसाठी. मी खिडकीतनं ओठ हालवतोय, दे-श-से-वे... ही बघंचना माज्याकडं. आनि म्हनती काय? 'आमच्या घरी एक रोगी आहे, त्याच्यामुळं.' रोगी? आमच्या घरात? मी बादलीवर उभा ऱ्हाऊन इचार करतोय, कोन आजारी हाय बाबा आपल्या घरात? — आं? बूट? न्हाई वो, आसू द्या. फौजी मानूस, घरात बी बूट घालतो, सवय हाय. तुमी पायाकडं बघू नका, पोहं गार हुत्यात.

तर तेवढ्यात खिडकीच्या आतनं एक नर्स गेली. हातात ताट, ताटात सुई. एवढी! — आनि मला ऊन लागलं. बादलीवर उभा, डोक्यावर ऊन, लागनारच की. सुईचा त्यात काय संबंध न्हाई. पलटनीत दंडात सुई मारायचा दिस आला की मी रजेवर असायचो हे खरं, पन त्यो योगायोग. अठरा वरसात अकरा येळा योगायोग झाला. गोळ्या अंगावरनं गेल्यात माज्या, इचारा कुनाला बी, पापनी हालली न्हाई. सुई तेवढी... ते जाऊ द्या, ऊन लागलं आनि मी पडलो. बादलीसकट. लय मोठा आवाज झाला म्हनत्यात, मी ऐकला न्हाई.

डोळं उघडलं तर वऱ्हांड्यात उताना. भोवती ही गर्दी! त्या इस्त्रीच्या पोरी, शिपाई, डाक्टरीन बाई, टकला डाक्टर, समदी मुलाखत सोडून भायेर आल्याली. आनि विजू खाली बसल्याली. माज्या गळ्याचं बटन सोडल्यालं, पाय उचलून मांडीवर घेतल्यालं, आनि गर्दीला मागं सारतीया, 'वारा येऊ द्या!' — आवाज बेंबीपासनं, मीच शिकीवल्याला. शिपाई माज्या तोंडात पानी वताय आला, तर त्येचा हात धरला आनि म्हनाली, 'माणूस नीट शुद्धीवर आल्याबिगर तोंडात काय घालायचं नाही.' मंग माज्या डाव्या बुटाची नाडी सोडाय लागली. मी वरडलो, बुटाला हात लावायचा न्हाई! टकला डाक्टर म्हनला, 'राहू दे, त्यांना नको असेल तर.' तर ही उठून उभी ऱ्हायली, टाच आपटली, आनि एवढ्या मानसाम्होरं म्हनाली, 'हवालदार हंबीरराव! पाय, इन्स्पेक्शनला!' आनि माजा पाय आपला-आपन म्होरं गेला, लालासाहेब. काय करनार, अठरा वरसं हुकूम ऐकल्याला पाय त्यो. घरात बी रोज असंच करती ती, त्याबिगर मी पाय देतच न्हाई...

आता निघालंच तोंडातनं, तर ऐका. साखर हाय मला, रगतात. डाव्या पायाला बूट चावला, त्येची जखम झाली, दीड वरीस झालं. एका डाक्टरनं सांगितलं अंगठा कापाय लागंल, आनि त्याच्या आदी रोज सुई घ्या. मी परत त्या डाक्टरच्या वाटंनं गेलो न्हाई. ऊन... व्हय, सुईला भितो मी! झालं समाधान? तवा विजूनं पाय हातात घेतला. रोज सकाळी औषधाची लाल पुडी टाकल्याल्या कोमट पान्यानं धुवायचा, पू काढायचा, सडल्यालं असंल तेवढं चिमट्यानं काढायचं, उकळून वाळवल्याली पट्टी बांदायची. वास असा सुटायचा की राही तोंडाला पदर लावून परड्यात जायाची, सख्खी बायकू. पोरीनं एक दिस नाक मुरडलं न्हाई. मी शिव्या घालायचो, लाथ बी मारली दोन डाव. तिनं परत पाय धरला. पाची बोटं शाबूत हाईत माजी. — तर थितं त्या डाक्टरीन बाईंनी सोता खाली बसून पट्टी सोडली, जखम बघितली, आनि परत बांदली न्हाई. विजूला म्हनल्या, 'तू बांध.' हिनं बांदली. बाई एकटक बघत ऱ्हायल्या. इचारलं, 'कुणी शिकवलं?' ही म्हनाली, 'थोडं पुस्तकानं, थोडं ह्यांच्या ओरडण्यानं. कुठं दुखतंय ते लगेच कळायचं.' आनि मंग मातुर केळी आली. शेजारच्या कुंडीत, एका दमात. 'किती खाल्लीस गं?' 'अकरा.' 'कशाला?' पोरीनं नुसतं माज्याकडं बोट केलं. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, भिंत धरली त्यांनी.

पंदरा दिसानं पत्र आलं. गावात पेढं वाटलं मी, दोन चोरून खाल्लं बी. आनि मंग पत्राचं म्होरलं पान वाचलं. दोन वरसं थितंच ऱ्हायचं, म्हैन्यातनं एक आइतवार घरी. खाली बापाची सही. त्याच सांजंला तुमाला सांगावा धाडला, लालासाहेब, पोरगी द्यायची हाय म्हनून. पोरीला इचारलं न्हाई. तवापासनं ती बोलत न्हाई माज्याशी. पाय धुती, पट्टी बांदती, बोलत न्हाई.

काय म्हनला? — न्हाई, नीट ऐकू आलं न्हाई, परत म्हना. बरं झालं येळेवर सुटली, व्हय? असलं घान काम... पुवात घातल्याल्या हातचं जेवनार कोन, असं व्हय? आधी ठावं असतं तर इचार केला असता, तरी आमी पदरात घेतो? आमी घेतो पदरात! आवं, आत्ता तुमी बश्या दोन पोहं खाल्लं, ते कुनाच्या हातचं हुतं? तोंडाकडं काय बघताय? पोरीनंच केल्यात, पहाटं माजा पाय धुतला त्याच हातानं, साबनानं कोपरापातुर घासून! माज्या मुडद्यासारख्या पायाला जी पोरगी देव्हाऱ्यातल्या मूर्तीवानी धुती, तिला तुमी पदरात घेनार? खाली ठेवा ती बशी. ठेवा म्हनतो ना!

बसा खाली, मी बोलतोय. तुमच्यावर कशाला चिडू, माजंच तोंड मला बगायला नको झालंय. तुमचं ठिकान मी का पत्करलं, सांगू? कृष्णात लय हुशार म्हनून? न्हाई. तुमचा ऊस बघून? न्हाई. कडेगाव जवळ हाय म्हनून! दर दोन दिसाआड पोरीला बोलवून घेता येईल, पाय धुवून घेता येईल, एस्टीनं सांजंला परत. एवढा हिशेब केला मी. तुमी तिला भाकरी थापायला न्हेनार हुता आनि मी तिला पायासाठी ठेवनार हुतो, दोघात हलका मीच. तिनं माजा अंगठा वाचीवला आनि मी तिची दोन वरसं खानार हुतो, सगळं आयुष्य खानार हुतो. बाप हाय का कोन हाय मी?

राही! पेन आन. आनि त्यो मिरजंचा कागद आन. रडतीस काय, आन म्हनलं न्हवं? — हां. ही बगा सही. हंबीरराव, हवालदार, पेन्शनर. आता खाली काय लिवलंय, चष्मा कुठाय... 'साक्षीदाराची सही. साक्षीदार प्रतिष्ठित असावा व उमेदवाराच्या नात्यातला नसावा.' आता आली का पंचाईत! ह्या अख्ख्या गल्लीत सगळी भावकी, भायेरचा प्रतिष्ठित मानूस आनू कुठनं शनवारचा? लालासाहेब. तुमी कडेगावच्या सोसायटीचं चेरमन न्हवं? हितं सही करा. चिडताय कशापायी? पोरगी देत न्हाई म्हनलं, सही नगं म्हनलो का? मगाशी तुमी व्याही हुता, तवा जमलं नसतं. आता सोयरीक मोडली, आता तुमी आमचं कोन बी न्हाई, आता झाक जमतंय. असं तोंड काय करताय, पोहं खाल्ल्यात न्हवं पोरीच्या हातचं? — हां. पुरं नाव लिवा. चेरमन बी लिवा, म्होरं. तारीख घाला.

झालं. कडेगावची गाडी साडेचारला फाट्यावर येती, आत्ता निगाला तर घावंल. पायतान थितं उंबऱ्याजवळ हाईत तुमची. न्हाई, चहा न्हाई. उठा आता, निगा. मला जरा रडायचंय, आनि ते पावन्याम्होरं बरं दिसत न्हाई.